हे निवेदन बडोद्यात वाचायचं नाही

भाचीचं अरंगेत्रम, म्हणजे भरतनाट्यम शिकून झाल्यावरचा रंगमंचावरचा पहिला कार्यक्रम, पुढच्या महिन्यात आहे. परवा तिने निवेदनाचा कागद वाचायला दिला आणि दुसऱ्याच परिच्छेदाशी मी थांबले. "भरतनाट्यम ही पाच हजार वर्षं जशीच्या तशी चालत आलेली देवळातली कला. नाचणाऱ्या बायकांच्या हाती पडून ती नासली, इंग्रजांनी तिच्यावर बंदी घातली आणि मग कुलीन घरच्या मुलींनी ती शुद्ध केली." कुठून घेतलंस हे, विचारलं. म्हणाली, आत्याआजीने पाठवलेल्या मेसेजमधून.

तो मेसेज मलाही तीन ग्रुपांवर आलेला आहे. त्यात आणखीही आहे: मुद्रांनी मधुमेह बरा होतो, मराठी माणसाचा या नाचाशी काही संबंध नाही वगैरे. इतके दिवस मी सोडून देत होते. आता तो माइकवरून वाचला जाणार, आणि तोही या गावात.

पाच हजार वर्षं कुठून आली? या नाचाचा आधार मानल्या जाणाऱ्या भरतमुनींच्या नाट्यशास्त्राचा काळ बहुतेक अभ्यासक इसवी सनपूर्व २०० ते इसवी सन २०० च्या आसपास धरतात. 'जशीच्या तशी' हे तर भाचीच्या स्वतःच्या हातांनीच खोटं ठरतं. ती रोज 'पताका, त्रिपताका, अर्धपताका' म्हणत एका हाताच्या अठ्ठावीस मुद्रा करते. ती यादी नंदिकेश्वराच्या अभिनयदर्पण या दुसऱ्याच ग्रंथातली आहे. नाट्यशास्त्रात असे हस्त चोवीस आहेत. अलारिपू या सुरुवातीच्या नाचापासून तिल्लाना या शेवटच्या नाचापर्यंतचा जो क्रम ती त्या दिवशी सादर करणार, तो एकोणिसाव्या शतकात तंजावरच्या चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू या चार भावांनी बसवला. 'भरतनाट्यम' हे नाव रूढ झालं १९३० च्या दशकात. त्याआधी लोक सदिर म्हणत. मुळं जुनी आहेत, एवढं मी मान्य करते. भरताने सांगितलेली करणं, म्हणजे हातपायांच्या ठरलेल्या नृत्यहालचाली, चिदंबरमच्या गोपुरात कोरलेली आहेत, आणि १९२६ पासून बडोद्यानेच गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत नाट्यशास्त्र अभिनवगुप्ताच्या टीकेसह छापलं, त्यात त्या शिल्पांची चित्रं दिली. पण मूळ जुनं म्हणून फांदीही तेवढीच जुनी होत नाही.

इंग्रजांची बंदी. मिशनऱ्यांनी या नाचाची नालस्ती केली, हे खरं. पण १८९३ साली मद्रासच्या हिंदू समाजसुधारकांनी व्हाइसरॉय आणि गव्हर्नरला अर्ज केला, की साहेबांनी असल्या कार्यक्रमांना जाऊ नये. दोघांनीही तो नाकारला. देवाला मुली वाहण्याविरुद्ध पुढे लढल्या डॉ. मुत्थुलक्ष्मी रेड्डी, ज्यांची स्वतःची आई देवदासी होती. ती प्रथा बंद करणारा मद्रासचा कायदा झाला १९४७ साली. त्या प्रथेत मुलींचे हाल झाले, हे नाकारण्याचा माझा हेतू नाही.

पण 'नासली' आणि 'शुद्ध केली' हे दोन शब्द मला सहन होत नाहीत.

'कुलीन घरच्या मुलीं'मधल्या रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी १९३६ साली मद्रासला कलाक्षेत्र ही नृत्यसंस्था काढली, त्यांचं श्रेय मोठंच आहे. पण त्या शिकल्या कोणाकडे? मैलापूर गौरी अम्माळ यांच्याकडे, ज्या कपालीश्वराच्या देवळातल्या देवदासी होत्या. आणि पंदनल्लूरच्या मीनाक्षीसुंदरम पिळ्ळै यांच्याकडे, जे त्या तंजावरच्या भावांच्याच वंशातले. नासलेली कला शिकायला त्या गेल्या होत्या का? नर्तकी बालसरस्वती त्याच देवदासी परंपरेतल्या घरात जन्मल्या. त्यांचा अभिनय पाहून लोकांनी पदं, म्हणजे अभिनयाची गाणी, समजून घेतली, आणि १९७३ साली मद्रासच्या म्युझिक अकादमीने त्यांना संगीत कलानिधी हा आपला मानाचा किताब दिला. त्यांनी शृंगार कधी लपवला नाही, तो नाचाचा प्राण मानला. ज्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या वर्णम, म्हणजे या नाचातली सर्वांत मोठी रचना, तोंडपाठ ठेवलं, त्यांच्याकडून घ्यायचं आणि त्यांनाच मळ म्हणायचं. हा कृतघ्नपणा आहे, दुसरा शब्द मला सुचत नाही.

आणि हे बडोद्यात बोलायचं? १८८० साली सयाजीराव महाराजांचं लग्न तंजावरच्या मोहिते घराण्यातल्या लक्ष्मीबाईंशी, म्हणजे पहिल्या चिमणाबाईंशी झालं. त्या नात्यातून तंजावरच्या नर्तकी, नट्टुवनार (नाच शिकवणारे, ताल धरणारे गुरू) आणि वादक बडोद्याच्या दरबारी आले. त्यांतल्या गौरा आणि कांतिमती या दोघींची नावं आजही घेतली जातात. कांतिमतींचे चिरंजीव कुबेरनाथ तंजोरकर यांनी इथेच घरोघरच्या मुलींना हा नाच शिकवला. रुक्मिणीदेवींच्या पदार्पणाच्या पन्नास वर्षं आधी आपल्या राजवाड्यात सदिर होत होतं. त्या गुरूंचे शिष्य, त्या शिष्यांचे शिष्य गावात आहेत. अरंगेत्रमला त्यांतले चारजण तरी येतील, आणि त्यांच्यासमोर भाचीची मैत्रीण माइकवर म्हणणार, नाचणाऱ्या बायकांच्या हाती पडून कला नासली!

मराठी माणसाचा संबंध नाही, या वाक्याला खरं तर इथेच उत्तर मिळालं. तरी सांगते: तंजावरचे ते चार भाऊ चाकरीला होते ते तिथल्या सरफोजीराजे भोसल्यांच्या दरबारी, आणि खुद्द सरफोजींनी या नाचासाठी मराठीत निरूपणं, म्हणजे एका कथेभोवती गुंफलेल्या नृत्यरचना, रचली. आपल्या भाषेत वर्णम आणि पद नाचलं गेलंय, याचा आपल्याच लोकांना पत्ता नाही.

मधुमेहाबद्दल एकच. नाचाने व्यायाम होतो, मुद्रांनी साखर उतरत नाही. गोळी चालू ठेवायची.

तो परिच्छेद मी खोडला आहे. त्या जागी आता गौरा, कांतिमती आणि कुबेरनाथजींबद्दल पाच वाक्यं आहेत, भाचीला पटली आहेत. आत्याकडे, म्हणजे भाचीच्या त्या आत्याआजीकडे, मी रविवारी जाणार आहे, हा कागद घेऊन. अरंगेत्रमला ती पहिल्या रांगेत बसेल, आणि ही नावं तिने तिथे पहिल्यांदा ऐकू नयेत.