माईक हातचा जाऊ देऊ नका

आपल्याला गाता येत नाही, हा गैरसमज आधी डोक्यातून काढून टाका. इतकी वर्षं तुम्ही गप्प बसलात ते तालुक्यात कराओके, म्हणजे गाण्याचं नुसतं संगीत (ट्रॅक) वाजतं आणि त्यावर शब्द आपण म्हणायचे ते, आलं नव्हतं म्हणून. आता ते आलं आहे. साक्षगंध असो, नातवाचं बारसं असो, गुरुजींच्या सेवानिवृत्तीचा सत्कार असो की कोजागिरीचं दूध असो, मंडपाच्या कोपऱ्यात चाकं लावलेला एक स्पीकर उभा असतो. त्याच्या पोटात लाल-निळे दिवे फिरत असतात आणि डोक्यावर दोन कॉर्डलेस माईक ठेवलेले असतात. त्यातला एक चालतो. तो आपला.

मनात थोडी धाकधूक असेल, तर इतिहास ऐकून ठेवा, धीर येईल. जपानमधल्या कोबे शहरात दाइसुके इनोउए नावाचा एक वादक होता. स्वरलिपी वाचता येत नसे, पण बारमध्ये गिऱ्हाईक गाऊ लागलं की हा त्याला सांभाळून वाजवायचा. एका छोट्या कंपनीच्या साहेबाला ह्याच्याच साथीवर गाता येई. साहेब गरम पाण्याच्या झऱ्यांच्या सहलीला निघाले, ह्याला जाता येईना, म्हणून ह्याने साथ टेपवर भरून दिली. म्हणजे मुळात हा सगळा खटाटोप एका धड गाता न येणाऱ्या साहेबासाठी झाला, हे विसरू नका. १९७१ मध्ये इनोउएने अशी अकरा यंत्रं करवून घेतली आणि बारना भाड्याने दिली. नाणं टाका, गा. पेटंट काही घेतलं नाही. (टोकियोच्या शिगेइची नेगिशींचं यंत्र त्याआधीच, १९६७ मध्ये झालं होतं, असं सांगणारेही आहेत. रस्ता कोणाच्या निधीतून झाला, यावर आपल्याकडे दोन-दोन फलक लागतात, त्यातलाच हा प्रकार.) पुढे २००४ मध्ये इनोउएला इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या कामाला देतात ते. तेही शांततेचं! एकमेकांना सहन करायला शिकण्याचा नवा मार्ग त्याने लोकांना दिला, असं कारण सांगितलं होतं. तेव्हा तुम्ही गायला उभे राहता ते जागतिक शांततेसाठी, आणि समोरच्यांनीही आपला वाटा उचलायला हवा.

सराव मात्र करू नका. सरावाने आपल्या चुका आपल्याला कळू लागतात आणि उमेद जाते.

गाणं निवडताना सगळ्यात उंच पट्टीचं निवडा. ट्रॅक बहुधा मूळ गायकाच्या पट्टीत असतो. तो खाली आणायला दोन बटणं असतात, साऊंडवाल्या पोराला ती माहीतही असतात. पण ‘स्केल थोडी उतरव’ म्हणणं हे शेतीची हद्द सोडून देण्यासारखं आहे. मुखडा कसाबसा निघेल. अंतरा वर गेला की डोळे मिटा, एक हात हवेत न्या आणि माईक श्रोत्यांकडे करा. ते गातील. नाही गायले तर ट्रॅकमधली बासरी आहेच. युगुलगीत असेल तर दोन्ही बाजू आपणच म्हणा. दुसरा माईक तसाही बंद आहे, आणि वहिनींना उठवलं तर त्या सुरात गातील, ते आणखी अवघड.

शब्दांची चिंता नको, ते पडद्यावर येतात. पडदा म्हणजे साऊंडवाल्याचा मोबाईल. ओळ आधी पांढरी दिसते, मग एकेक अक्षर रंगत जातं, आणि रंग भरेल तसं गायचं असा संकेत आहे. तो पाळायला आपण काय बँकेच्या रांगेत उभे आहोत? ओळ दिसली की म्हणून टाका. नंतर वेळ मिळेल न मिळेल. पुष्कळदा अक्षरं रोमन असतात, त्यामुळे ‘मन’चा ‘मॅन’ होतो. होऊ द्या. आणि खरी मजा अंतऱ्यातच येते. ट्रॅक यूट्यूबवरचा, त्यामुळे ऐन विरहात प्रेशर कुकरची जाहिरात लागते. थांबायचं नाही. तीही त्याच भावनेने घ्या. कुकर संपतो तोवर नेटवर्क जातं आणि पडद्यावर गोल चक्री फिरू लागते. चक्री थांबेस्तोवर शेवटचा सूर धरून ठेवायचा. गावकऱ्यांना वाटेल तान आहे. एकदा तर म्हणे साऊंडवाल्याला फायनान्सवाल्याचा फोन आला, गाणं थांबलं, आणि गायकाने ‘हप्ता सोमवारी भरतो’ एवढं माईकवर ऐकून पुढची ओळ तिथूनच उचलली. याला म्हणतात तयारी.

माईक धरायचा तो जाळीवरच, पूर्ण मुठीत. तोंडापासून दोन-तीन बोटांवर, दांड्याला धरा, असं जाणकार सांगतात. जाळी मुठीत झाकली की माईक चहूबाजूंचा आवाज ओढतो, स्पीकरमधून निघालेला आपलाच आवाज पुन्हा गिळतो आणि शिट्टी मारतो. हे फुकटचं वाद्य आहे. शिट्टी अजून हवी असेल तर थेट स्पीकरसमोर जाऊन उभे राहा. मग साऊंडवाल्याला खूण करा, इको पूर्ण खोल म्हणावं. इको खोलला की आपण ‘हॅलो’ म्हणतो, तो कापसाच्या जिनिंगपर्यंत जाऊन परत येतो, तोवर आपला दुसरा ‘हॅलो’ वाटेत त्याला भेटतो. या गर्दीत सूर कोणाचा चुकला हे देवालाही ठरवता येत नाही.

गाण्यापेक्षा त्याआधीचे चार शब्द महत्त्वाचे, आणि इथे नवखे लोक हमखास कमी पडतात. सुरुवात मंचावरच्या मान्यवरांपासून करा: सरपंच, माजी सरपंच, सोसायटीचे अध्यक्ष, मंडपवाले. एकही नाव सुटलं तर पुढच्या निवडणुकीत निघतं. मग घसा खाकरून सांगा की दोन दिवस सर्दी आहे, फवारणीमुळे घसा धरला आहे, पण गुरुजींचा आग्रह मोडवत नाही. गुरुजींनी आग्रह केलेला नसतो. ते खुर्चीत शालीखाली अवघडून बसलेले असतात. तरी ते मान डोलावतात, चाळीस वर्षं नोकरी केलेला माणूस आहे. या प्रस्तावनेत ट्रॅकचा मुखडा निघून जातो, तर जाऊ द्या, लोकांना तो पाठ आहे.

गाताना काही लोक उठून जाताना दिसतील. मनाला लावून घेऊ नका. रात्रीची थ्री फेज आली की ओलिताला जावंच लागतं. हरभरा तुमच्या दुसऱ्या अंतऱ्यासाठी थांबत नाही. थ्री फेजचं वेळापत्रक बदललेलं आहे आणि आज रात्री लाईन नाहीच, असं कोणी सांगू लागलं तर ऐकून घेऊ नका.

म्हातारी माणसं मात्र उठत नाहीत आणि बोलल्याशिवायही राहत नाहीत. आपल्याकडे सामुदायिक प्रार्थनेची, खंजिरी भजनाची सवय लागलेली ही पिढी. तुकडोजी महाराजांचं भजन एकाने उचललं की अख्खा पार मागे म्हणतो. कोणाच्या हातात कागद नसतो. मोठी गैरसोयीची पद्धत आहे ती. कोण गायलं हे कळतच नाही, त्यामुळे व्हिडिओ कोणाचा काढायचा आणि स्टेटसला कोणाचा ठेवायचा? शिवाय खंजिरीवाला समोर बघत असतो. गाणारा घसरला की तोही लय सोडून खाली येतो, त्याला उचलून घेतो. ट्रॅक असलं काही करत नाही. तुम्ही पडलात तरी तो आपल्या वाटेने चालू लागतो, किती स्वाभिमानी! तरीही पहिल्या रांगेतला एखादा आबा शेजाऱ्याला मोठ्यानेच विचारतो, “गानं त डब्यात वाजूनच राह्यलं, मंग हा काहून वरडून राह्यला गा?” उत्तर देऊ नका. इको वाढवा.

जपानी लोकांनी यावरही तोडगा काढला होता. १९८४ च्या सुमारास ओकायामा भागात एका भातशेतात जुन्या मालडब्याची खोली करून पहिली कराओके खोली उभी राहिली. आत बसा, दार लावा, हवं तितकं गा. आपल्या गावातला कोंडवाडाही बरीच वर्षं रिकामाच आहे, तशी सोय होऊ शकते. पण दार लावून गाणं हे शेजाऱ्याची काळजी करणाऱ्या लोकांचं काम. त्यांनी वादकाशिवाय गायची सोय केली, आपण श्रोत्याशिवाय गायची केली आहे.

रात्री दहा ते सकाळी सहा भोंगा बंद, असा २००० सालचा नियम आहे. वस्तीत दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल. ती आपला स्पीकर ‘चेक, चेक’ म्हणतानाच ओलांडतो. दहाला जमादार येतील. त्यांना चहा द्या आणि दुसरं काही बोलायच्या आत माईक हातात द्या. साडेअकरापर्यंत प्रश्न मिटला.

एवढ्यात कोणीतरी ओरडेल, “पंगत बसली हो!” मंडप रिकामा होईल, वांग्याच्या भाजीचा वास येईल, गुरुजीही शाल सावरत निघतील. तुम्ही जागा सोडू नका. साऊंडवाला अजून तिथेच आहे. स्पीकर त्याचा, वायरी त्याच्या, तो कुठे जाणार? त्याला समोरच्या खुर्चीवर बसवा आणि मघाचंच गाणं पुन्हा लावायला सांगा, मुखड्यापासून.