स्मृतिभ्रंश झाला म्हणून रंकाळ्याची फेरी बंद करू नका

कोल्हापुरातल्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक संदेश फिरतो आहे. स्मृतिभ्रंशाचे निदान होताच त्या व्यक्तीचे बाहेर फिरणे थांबवावे, कारण बाहेरच्या धावपळीने आजार झपाट्याने वाढतो, माणूस हमखास वाट चुकतो आणि घरातच तो सुरक्षित राहतो, असे त्यात म्हटले आहे. त्यामागची काळजी खरी असली, तरी आजाराच्या सुरुवातीच्या टप्प्यावर असलेल्यांचे या सल्ल्याने नुकसान होते.

आजार वाढण्याचा दावा सरळ चुकीचा आहे. अल्झायमर या स्मृतिभ्रंशाच्या प्रकारात अमायलॉइड आणि टाऊ ही प्रथिने मेंदूत साचतात. दुसऱ्या एका प्रकारात मेंदूचा रक्तपुरवठा बिघडतो. यांपैकी काहीही फिरण्यामुळे होत नाही. उलट लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणारे जे १४ घटक नोंदवले, त्यांत शारीरिक निष्क्रियता, एकाकीपणा आणि नैराश्य आहे, आणि घरात बसवून ठेवलेल्या माणसाच्या वाट्याला नेमके हेच येते. चालण्याने हा आजार बरा होत नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे.

वाट चुकण्याची भीती मात्र खोटी नाही. दिशा आणि जागा ओळखणाऱ्या मेंदूच्या भागांना अल्झायमरचा धक्का लवकर बसतो. पण वर्षानुवर्षांच्या पायाखालची वाट नव्या वाटेपेक्षा अधिक काळ टिकते. म्हणून ज्यांनी आयुष्यभर रंकाळ्याच्या काठाने किंवा शिवाजी विद्यापीठाच्या आवारात फेरी मारली, त्यांना त्याच वेळी, त्याच वाटेने जाऊ द्यावे. खिशात नाव आणि घरचा दूरध्वनी क्रमांक असलेले कार्ड ठेवावे, मोबाइलवर ठावठिकाणा कळण्याची सोय त्यांना विचारूनच करावी, आणि त्यांची हरकत नसेल तर वाटेवरच्या चहावाल्याला व तालमीतल्या पोरांना कल्पना देऊन ठेवावी. पेठांतली ओळखपाळख हे आपल्या शहराचे मोठे बळ आहे. चालण्यापेक्षा रस्ता ओलांडणे अवघड जाते, कारण येणाऱ्या वाहनाच्या वेगाचा अंदाज चुकू लागतो. तेवढ्या टप्प्यापुरती सोबत द्यावी. नवरात्रात महाद्वार रोडची गर्दी टाळावी.

घर सुरक्षित असते, हेही अर्धेच खरे आहे. ज्येष्ठ व्यक्ती घरातही पडतात, आणि हालचाल थांबली की पायांतली ताकद व तोल जाऊन तो धोका वाढतो. शिवाय डोळ्यांवर पडणाऱ्या दिवसाच्या उजेडावरून शरीराचे घड्याळ लागते. तो मिळाला नाही, तर दिवसा डुलकी आणि रात्री जाग असा क्रम सुरू होऊ शकतो, आणि त्यात सांभाळणारी सूनही थकून जाते.

ओळखीच्या वाटेवरही गोंधळ होऊ लागला, तर फिरणे बंद न करता कोणीतरी बरोबर जावे. हा गोंधळ एक-दोन दिवसांत अचानक वाढला असेल, तर तो आजाराचाच भाग समजून सोडून देऊ नये; लघवीचा संसर्ग, शरीरातले पाणी कमी होणे किंवा नवे औषध यांमुळेही तसे होते आणि त्यावर उपचार असतात, तेव्हा त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.