‘अडीच तास नुसता धुरळा’: आमच्या राक्षस रंगवण्याच्या वर्गावरील अभिप्रायाला उत्तर

नमस्कार दादा,

तुमचे दोन तारे पाहिले, खालचं सगळंही वाचलं. जुलैच्या पावसात खानापूरहून सकाळची बस धरून बेळगावात टिळकवाडीत आलात, ९०० रुपये भरलेत आणि परत जाताना हातात खरखरीत अंगाचा, पोटावर डाग पडलेला ट्रोल, म्हणजे खेळातल्या राक्षसाची छोटी मूर्ती. राग येणारच की. तुम्ही लिहिलंय की फाटका ब्रश दिला, रंगवण्यापेक्षा काळा-पांढरा धुरळाच जास्त उडवला, डोळे काढूच दिले नाहीत, निम्मं कन्नडमध्ये बोललो, आणि हे सगळे शॉर्टकट, यात कला कसली.

खरखरीतपणाची चूक पूर्ण आमची. त्या दिवशी सकाळपासून झड लागली होती. दमट हवेत स्प्रेच्या कॅनमधला प्रायमर (रंगाखालचा पहिला थर) मारला की तो गुळगुळीत बसत नाही, वाळूसारखे कण धरतो. त्यात माझ्या मदतनीसानं कॅन हातभर लांब धरला होता, म्हणजे रंग मूर्तीपर्यंत पोचेपर्यंत हवेतच अर्धा सुकला. वीतभर अंतर पुरे असतं. मला हे सगळं ठाऊक असून ‘चालतंय की’ म्हणून मी पुढं ढकललं. आता पावसाळ्यात आम्ही कॅन बंदच केलाय, प्रायमर ब्रशनं लावतो. वेळ जातो, पण ट्रोलची पाठ पॉलिशपेपरसारखी होत नाही.

ब्रशचं मात्र ऐकून घ्या. तो फाटका होता म्हणूनच दिला. ड्रायब्रश, म्हणजे जवळजवळ कोरड्या ब्रशनं रंगवणं. त्याला टोकदार, नवा ब्रश घेतला तर एका बैठकीत त्याचं वाटोळं होतं. जुना, केस विस्कटलेला, नाहीतर मेकअपचा जाड मऊ ब्रश घ्यायचा, रंगात बुडवायचा आणि जुन्या ‘तरुण भारत’वर पुसत राहायचं, कागदावर जेमतेम खूण उमटेपर्यंत. मग मूर्तीवर हलकेच फिरवायचा. रंग फक्त उंचवट्यांवर बसतो: खवल्यांच्या कडा, गाठी, नखं, दात. खाचा काळ्याच राहतात. माझे वडील शहापुरात चतुर्थीच्या आधी गणपती रंगवतात. त्यांनी हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा म्हणाले, “यात नवीन काय? उंदराच्या केसांना आम्ही हेच करतो.”

तो ‘धुरळा’ही असाच. आधी सगळी मूर्ती काळी, मग पांढरा फक्त वरून. डोकं, खांदे, नाकाचा शेंडा उजळतात, काखेत आणि मांड्यांच्या आत काळं राहतं. ऊन कुठून पडतंय ते रंग लावायच्या आधीच ठरून जातं. त्यावर पातळ, पारदर्शक हिरवा फिरवला की खालची सावली आपोआप वर दिसते. अशा खेळाच्या मूर्ती बनवणाऱ्या गेम्स वर्कशॉप या कंपनीनं २०१९ मध्ये कॉन्ट्रास्ट नावाचे रंग काढले ते याच कामाचे. ते महाग पडतात, म्हणून वर्गात साध्या ॲक्रिलिकमध्ये मॅट मीडियम (रंग पारदर्शक करणारं, चमक नसलेलं माध्यम) आणि थोडं पाणी घालून काम भागवतो. पांढरा मारायला कॅनच लागतो असंही नाही; काळ्यावर करड्या आणि मग पांढऱ्याचा ड्रायब्रश फिरवला तरी जवळपास तेच होतं.

याला शॉर्टकट म्हणा, माझी हरकत नाही. पण पहिल्याच दिवशी माणूस रंगवायला घेतला असता तर? साधारण २८ मिलिमीटर उंचीच्या मूर्तीत त्याचं तोंड तुरीच्या दाण्याएवढं. ब्रश केसभर सरकला की चेहरा वाकडा, आणि माणसाचा वाकडा चेहरा कुणालाही लगेच कळतो. ट्रोलचं तसं नसतं. त्याच्या कातडीवर चुकून जांभळा पडला तर ती जखम, पिवळा पडला तर शेवाळ. म्हणून नवख्यांना आम्ही राक्षसच देतो.

कन्नडच्या बाबतीत तुमचं म्हणणं मान्य. आठ जणांत पाच गोकाक आणि बैलहोंगलचे होते, मी त्यांच्या ओघात बोलत गेलो. तेच परत मराठीत सांगायला हवं होतं आणि वॉशचा भाग नेमका राहिला. तुमच्या ट्रोलच्या पोटावरचे डाग तिथलेच, त्याचा दोष तुमच्या हाताला देऊ नका. वॉश म्हणजे पातळ गडद रंग, तो आपणहून खाचांत उतरतो. लावल्यावर कुठं थारोळं साचलं तर ओल्या ब्रशनं लगेच टिपून घ्यायचं, मग पूर्ण वाळेपर्यंत हात लावायचा नाही. अर्धवट सुकलेल्यावर परत ब्रश फिरवला की भांड्यात चहा वाळल्यावर कडा उरते तशी कडा धरते.

डोळे मी मुद्दाम थांबवले होते. आमच्या घरात डोळ्यांची आखणी सगळ्यात शेवटी, ती सवय. काही जण अशा छोट्या मूर्तींचे डोळे आधी काढतात, म्हणजे बाहेर गेलेला रंग कातडीच्या रंगानं झाकता येतो, आणि खरं सांगायचं तर नवख्याला तेच सोपं. पुढच्या वर्गापासून तसंच करू. तुमच्या ट्रोलला खोबणीत काळा, त्यावर पिवळ्याची बारीक रेघ आणि मध्ये काळा ठिपका, एवढं पुरे.

आता ट्रोलचं काय करायचं. कुठल्याही रविवारी घेऊन या, पैसे लागणार नाहीत. तुमची मूर्ती कडक प्लॅस्टिकची आहे, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये काही तास बुडवून जुन्या टूथब्रशनं घासली की रंग निघतो. घरी करायचं मनात असेल तर खिडक्या उघड्या ठेवा, जवळ गॅस पेटलेला नको. नेलपॉलिश रिमूव्हर मात्र चुकूनही वापरू नका. त्यात बहुतेक वेळा ॲसिटोन असतं आणि ट्रोलच विरघळायला लागेल. मग पुन्हा प्रायमर, ड्रायब्रश, वॉश, सगळं मी शेजारी बसून मराठीत सांगतो. घरी सरावासाठी ओली पॅलेट (रंग ओले ठेवणारी थाळी) कशी करायची तेही दाखवतो: कुंद्याच्या मिठाईचा रिकामा प्लॅस्टिकचा डबा, त्यात ओला स्पंज, वर बेकिंगचा बटर पेपर. झाकण लावलं की दुसऱ्या दिवशीही रंग ओला असतो.

तारे बदला असं म्हणत नाही. प्रायमर आमच्यामुळं बिघडला हे खरंच आहे, ते तिथं लिहिलेलं राहू दे. फक्त येताना ट्रोल फडक्यात गुंडाळून पिशवीत टाकू नका. डब्यात उभा करून आणा, धूत आहोत म्हणून काय झालं, त्याचा उजवा कान आधीच सैल आहे.