डिएगो गार्सियावर माणसे राहत होती

काल रात्री एका वाहिनीवर डिएगो गार्सियाबद्दल, हिंदी महासागरातल्या अमेरिकी लष्करी तळाच्या त्या बेटाबद्दल, तासभर चर्चा झाली. धावपट्टी, चीन, ब्रिटन मोजणार असलेले भाडे, भारताची मुत्सद्देगिरी, सगळे निघाले. पण तिथून हाकललेल्या माणसांचे नावही कोणी काढले नाही, आणि तेव्हापासून माझे डोके तापलेले आहे.

मॉरिशसला मावशीकडे गेले असताना पोर्ट लुईच्या एका वस्तीत मी अशाच एका आजींना भेटले होते. चुलीवर नारळाच्या दुधात मासळी शिजत होती आणि आजी क्रिओलमध्ये मावशीला सांगत होत्या की, १९७१ मध्ये बेटावरची कुत्री खोबरे वाळवायच्या शेडमध्ये कोंडून धुराने मारली. त्यांचाही कुत्रा त्यांत गेला. आता पाळी आपली, हे त्यांच्या आईने तेव्हाच ओळखले.

१९६५ मध्ये मॉरिशसच्या स्वातंत्र्याच्या वाटाघाटी चालू असतानाच ब्रिटनने चागोस बेटे (डिएगो गार्सिया त्यांतलेच एक) मॉरिशसपासून तोडली, ३० लाख पौंड हातावर टेकवले आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेशी तळाचा करार केला. संयुक्त राष्ट्रांत जाब द्यावा लागू नये म्हणून, आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्यांच्या या वंशजांना, पिढ्यानपिढ्या तिथे राहिलेल्यांना, तात्पुरते मजूर ठरवून हाकलले गेले. लंडनमधल्या एका बड्या अधिकाऱ्याने त्यांचा उल्लेख ‘टारझन’ आणि ‘मॅन फ्रायडे’ (रॉबिन्सन क्रूसोचा ‘रानटी’ नोकर) असा केला, तेही सरकारी कागदावर! १९८२ मध्ये अर्जेंटिनाने घेतलेल्या फॉकलंड बेटांच्या सुमारे १,८०० गोऱ्या रहिवाशांसाठी याच ब्रिटनने आरमार धाडले. यात कातडीचा रंग ज्याला दिसत नाही, त्याच्याशी मला वाद घालायचा नाही.

हिंदी महासागरातला तळ भारतालाही सोयीचा आहे, हे मान्य. २०१९ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने चागोस तोडणे बेकायदेशीर ठरवले आणि त्यानंतर संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत भारताने मॉरिशसच्या बाजूने मत दिले, याचा मला अभिमानच आहे. पण २२ मे २०२५ च्या करारात काय आहे? बेटे मॉरिशसची, डिएगो गार्सिया ९९ वर्षे ब्रिटनकडे, वर्षाला सरासरी १०.१ कोटी पौंड भाडे. पुनर्वसन बाकीच्या बेटांवर करता येईल, डिएगो गार्सियावर नाही. म्हणजे त्या आजींचे गाव वगळूनच न्याय झाला, आणि वाटाघाटींच्या टेबलावर त्यांच्या लोकांना खुर्चीही नव्हती.

हे लिहिताना राग ब्रिटिशांवरून आपल्या माणसांकडे वळतो आहे, आणि तो मला जास्त जड जातो. स्वतंत्र मॉरिशसची सत्ता बहुतांश भारतीय वंशाच्या नेत्यांकडे राहिली. ऊसमळ्यांवर राबायला नेलेल्या मजुरांच्या त्या वंशजांत कोकणातून गेलेली आपली मराठी कुटुंबेही आहेत. त्याच देशात चागोसी लोक झोपडपट्ट्यांत खितपत पडले आणि नुकसानभरपाईचे पैसेही त्यांच्या हाती पडायला वर्षे गेली. देश नवा होता, गरीब होता, हे खरे. पण परक्या बेटावर उतरवले जाणे म्हणजे काय, हे ज्यांच्या आजोबा-पणजोबांना ठाऊक होते, त्यांच्याकडून माझी अपेक्षा अधिक होती, आजही आहे.

मॉरिशसमधले अनेक मराठी मित्र ही पोस्ट वाचतील. भाड्याच्या पैशांतून चागोसी लोकांना काय मिळणार आणि त्यांच्या परतीची बोट कधी निघणार, हे तुम्ही तुमच्या खासदारांना विचारावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. आजींनी मावशीला शेवटी हेच विचारले होते, आणि मावशीकडे उत्तर नव्हते.