राजाने सुनेला माहेरी का पाठवलं?

नमस्कार काका,

तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, सकाळी परत वाचली. ‘मतांतराबद्दल धन्यवाद’ एवढं लिहून मोकळं होता येणार नाही असं वाटलं, म्हणून हे सविस्तर उत्तर.

ज्यांनी मूळ लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. श्रावणातल्या शीतला सप्तमीच्या कहाणीवर मी लिहिलं होतं. राजा गाव वसवतो, तळं खणतो, पण पाणी लागत नाही. जलदेवता म्हणतात, सुनेचा थोरला मुलगा बळी दे. राजा मनाशी हिशोब करतो की पुष्कळांच्या जिवापुढे एकाचा जीव मोठा नाही. मग सुनेला माहेरी पाठवतो, मुलाला मागे ठेवून घेतो, न्हाऊ-माखू घालून, दागिने घालून त्याला कोरड्या तळ्यात नेऊन ठेवतो. तळं भरतं. लेखाच्या शेवटी मी म्हटलं होतं की जीव मोजायला बसणं हेच मुळात पाप आहे.

त्यावर तुम्ही लिहिलंत की पाटबंधारे खात्यात तीस वर्षं काढली, नाशिकच्या वर गोदावरीवर असलेल्या गंगापूर धरणातून विसर्ग वाढवताना खाली कुणाच्या घरात पाणी शिरणार हे ठाऊक असायचं, आणि तरी दरवाजे उचलावे लागायचे. ‘न मोजता बसलो असतो तर तुमची पंचवटी राहिली नसती. ताई, हा लेख कधी दरवाजाच्या चाकाला हात न लावलेल्या माणसाचा आहे.’ खाली विदुराचा श्लोक दिलात: त्यजेदेकं कुलस्यार्थे, म्हणजे कुळासाठी एकाला सोडून द्यावं.

आधी माझं चुकलं ते सांगते. ‘मोजणं हेच पाप’ हे वाक्य मी मागे घेते. लिहिताना ते छान वाटलं होतं, खरं नव्हतं. गंगापूर मातीचं धरण आहे. मातीच्या धरणावरून पाणी वाहू लागलं तर बांध धुपून जातो, आणि मग काय होतं हे 12 जुलै 1961 ला पानशेतने पुण्याला दाखवलं. गोदेच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं, छातीला लागलं, असं आम्ही रामकुंडावर उभं राहून मोजत असतो, तेव्हा वर कुणीतरी दुसरंच मोजत असतं म्हणून आम्ही उभे असतो. हे मी विसरले. 2008 चा आणि 2016 चा पूर डोळ्यांनी पाहूनही विसरले.

पण काका, मी चाकाला हात लावलेला नसला तरी त्याच्या दुसऱ्या टोकाला उभी राहिले आहे.

एप्रिल 2021, करोनाची दुसरी लाट. माझी मावशी, वय 71, शहरातल्या एका रुग्णालयात ऑक्सिजनवर होती. ते दिवस नाशिककराला वर्णन करून सांगायला नकोत. 21 तारखेला तर महापालिकेच्या रुग्णालयात टाकीला गळती लागली, पुरवठा तुटला आणि वीसहून अधिक रुग्ण गेले. त्यानंतर दोन दिवसांनी मावशीच्या वॉर्डातला डॉक्टर जिन्यात आमच्याकडे आला. तिशीतला मुलगा असेल, डोळे सुजलेले. म्हणाला, ‘एक व्हेंटिलेटर मोकळा झाला आहे. तो मी मावशींना देत नाहीये. दुसऱ्या एक पेशंट आहेत, त्यांची वाचण्याची शक्यता जास्त आहे. हे मी ठरवलंय.’ माझा मावसभाऊ त्याच्या अंगावर धावून गेला. तो हलला नाही, गार्डला बोलावलं नाही, आमचं सगळं ऐकून घेतलं. मावशी तिसऱ्या दिवशी गेली. त्या दुसऱ्या बाई वाचल्या की नाही, आम्हाला कळलं नाही.

त्याने हिशोबच केला होता. आणि त्या डॉक्टरला मी आजवर मनातही चुकीचा म्हटलेलं नाही. मग कहाणीतल्या राजावर माझा एवढा राग का? तुमच्या प्रतिक्रियेमुळे हा प्रश्न मला पहिल्यांदा नीट पडला.

एक कारण जुनंच आहे. मावशीला जे मिळालं नाही ते तिच्याकडून हिसकावलेलं नव्हतं. तिच्या तोंडावरचा मास्क काढून दुसऱ्याला लावला असता तर मी आज हे लिहूच शकले नसते. फिलिपा फूट या ब्रिटिश तत्त्वज्ञ बाईंनी 1967 साली नेमका हाच फरक मांडला. अपुरं औषध एकाऐवजी पाच जणांना देणं वेगळं, आणि इतरांना वाचवायला एका माणसाला मारून त्याचे अवयव काढणं वेगळं. सुटलेल्या ट्रामचं ते प्रसिद्ध कोडं, रुळावरच्या पाच जणांना वाचवायला ती एकाच्या अंगावर वळवावी का, त्याच निबंधातलं. लोकांनी ट्राम लक्षात ठेवली आणि रुग्णालय विसरले. तुमच्या पाण्यालाही हाच फरक लागू पडतो असं मला वाटतं. खालच्या गोदाकाठच्या सायखेड्याला, चांदोरीला पूर यावा म्हणून तुम्ही दरवाजे उचलत नव्हता. तिथली माणसं एका क्षणात गाव सोडून उंचावर गेली असती तरी तुमचं काम झालंच असतं. राजाचं काम मात्र ते पोर तळ्यात असल्याशिवाय होणार नव्हतं.

दुसरं कारण मला जास्त छळतं. राजाला आपलं गणित इतकं बरोबर वाटत होतं, तर त्याने सुनेला माहेरी का पाठवलं? कहाणीत सरळ येतं की ती कबूल होणार नाही हे त्याला माहीत होतं. म्हणजे जिचं पोर जाणार तिच्यासमोर तो हिशोब टिकणार नाही हे त्याला कळत होतं, आणि त्यावर त्याने हिशोब बदलला नाही, बाईला घरातून हलवलं. तो डॉक्टर जिन्यात आला. फरक तिथे आहे.

आता तुमचा श्लोक. महाभारतात दुर्योधन जन्मतो, अपशकुन होतात, तेव्हा विदुर हे सांगतो, आणि सांगतो कुणाला? धृतराष्ट्राला, तोंडावर. शंभरातला एक कमी असू दे म्हणतो. शब्द ‘त्यजेत्’ आहे, सोडून द्यावा. मारावा असं नाही. धृतराष्ट्र ऐकत नाही. त्यावर विदुर रात्री पाळण्यातून पोर उचलून नेत नाही. पुढे अठरा अक्षौहिणी सैन्य मेलं, म्हणून तुम्ही म्हणाल विदुराचं गणित बरोबर होतं. होतं. तरीही त्या रात्री पाळण्यात एक तान्हं मूल होतं आणि त्याने अजून कुणाचं काहीच वाईट केलं नव्हतं. या जागी मी अडकते, काका. विदुराला चूक म्हणता येत नाही आणि धृतराष्ट्रालाही, निदान त्या एका रात्रीपुरतं, नाही.

आपल्या जिल्ह्यात राजाची युक्ती रोज चालते म्हणून हे सगळं मला कहाणीपुरतं वाटत नाही. अप्पर वैतरणाचं पाणी मुंबई पिते. इगतपुरी-त्र्यंबकच्या त्याच डोंगरात उन्हाळ्यात बाया हंडे घेऊन आटलेल्या विहिरीत उतरतात. मुंबईची तहान खोटी नाही, आणि मोजायला गेलं तर मुंबईच जिंकणार. पण ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्यासमोर हा हिशोब कितीदा मांडला गेला? महाराष्ट्रात प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा 1976 साली आला. कोयनेची माणसं त्याच्या कितीतरी आधी उठवली गेली होती, आणि त्यांची पोरंनातवंडं अजून कागद घेऊन कचेऱ्यांत उभी असतात. तळं भरलं की पाळीवर पूजा करायला सगळे येतात. तळाशी काय ठेवलं होतं ते कुणी विचारत नाही.

कहाणीत सून परत येते, भरलेल्या तळ्यापाशी थांबते, काकडीच्या पानावर दहीभात ठेवते आणि तिचं पोर पाण्यातून तिचे पाय ओढतं. माझी आई हा भाग वाचताना दरवर्षी थांबायची. माझी मावशी आईच्या शेजारी बसायची. 2021 च्या श्रावणात आईने कहाणी वाचली नाही, पोथी नुसती समोर ठेवली.

तुमच्या प्रतिक्रियेतलं एक वाक्य बाकीच्यांच्या नजरेतून सुटलं असेल. विसर्ग वाढवण्याआधी गोदाकाठच्या पाटलांना, सरपंचांना तुम्ही स्वतः फोन करायचात, त्यांच्या शिव्या खायचात, आणि काही जणांशी पुढे सोयरिकीसारखं नातं झालं, असं तुम्ही कंसात लिहिलं आहे. त्या फोनबद्दल लिहाल का? पहिलं वाक्य काय बोलायचात, पलीकडून काय यायचं, फोन ठेवल्यावर चाकाकडे जाताना काय वाटायचं? जसं जमेल तसं, हाताने लिहून फोटो पाठवलात तरी चालेल. मी टाइप करून घेईन आणि इथेच, माझ्या लेखाच्या वर लावीन.