‘६६अ गेलं, आता काहीही लिहा’

व्हॉट्सअॅपवर हा मजकूर तुम्हालाही आला असेल: ‘सुप्रीम कोर्टाने ६६अ रद्द केलंय. सोशल मीडियावर काहीही लिहा, गुन्हा नाही. फॉरवर्ड करणारा तर जबाबदार नाहीच. पटत नसेल तर दुर्लक्ष करा, शब्दांनी कुणी मरत नाही.’

यातलं पहिलं वाक्य तेवढं खरं. ६६अ, म्हणजे ऑनलाइन त्रासदायक मजकुरासाठी तुरुंगात टाकणारं आयटी कायद्यातलं कलम, २४ मार्च २०१५ला गेलं. त्या खटल्यामागे आपलंच पालघर होतं. २०१२मध्ये बाळासाहेब ठाकरे गेल्यावरच्या बंदबद्दल फेसबुकवर लिहिणारी एक तरुणी आणि ते लाइक करणारी तिची मैत्रीण, दोघींना अटक झाली होती. कुणाला नुसता त्रास झाला म्हणून तुरुंग, हे कोर्टाने नाकारलं. पण त्याच निकालात चर्चा, समर्थन आणि चिथावणी असा फरक केलाय आणि चिथावणीला मोकळीक दिलेली नाही. शिवाय धर्म, जात, भाषेवरून वैर पसरवण्याचं कलम वेगळंच आहे. ते आधी दंडसंहितेत १५३अ होतं, १ जुलै २०२४पासून न्याय संहितेत १९६ आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमाचा उल्लेख आता थेट कलमातच.

फॉरवर्डचं म्हणाल, तर महिला पत्रकारांबद्दलची गलिच्छ पोस्ट पुढे पाठवणाऱ्या एका माजी आमदाराला मद्रास हायकोर्टाने २०१८मध्ये अटकपूर्व जामीन नाकारला. फॉरवर्ड करणं म्हणजे मजकूर मान्य करणं, असं कोर्ट म्हणालं.

शब्दांनी कुणी मरत नाही? साक्री तालुक्यातलं राईनपाडा आठवा. १ जुलै २०१८, आठवडी बाजार. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं, भिक्षा मागत आलेली. मोबाइलवर फिरणाऱ्या ‘मुलं पळवणारी टोळी’च्या अफवेने आधीच डोकी भडकलेली. जमावाने पाचांनाही ठेचून मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात फॉरवर्डवर पाच चॅटची मर्यादा जाहीर केली.

असला मजकूर ओळखणं फार अवघड नाही. सरकारवर, पक्षावर, रूढीवर कितीही कडक टीका करा, तो द्वेष नव्हे. गुन्हा एकाचा आणि बोट अख्ख्या जमातीकडे, मग ‘वाळवी’सारखे शब्द, मग ‘यांना धडा शिकवा’, अशी पायरी चढू लागली की समजावं.

दुर्लक्ष मात्र नको. ग्रुपवरची शांतता संमतीच वाटते. संतापून तोच स्क्रीनशॉट दहा ठिकाणी टाकणंही नको, त्याने पसारा वाढतो. मी ग्रुपवर एकच ओळ लिहितो, ‘हे कुठलं, कधीचं?’ आणि पाठवणाऱ्याला फोन करतो. परवा एका काकांना असाच केला. पाच मिनिटं चिडले, मग मेसेज डिलीट केला. तासाभराने ग्रुपवर त्यांचं ‘शुभ रात्री’चं गुलाबाचं चित्र आलं.