फोटो एआयचा नाही, नागपुरातल्या छतावरचा आहे

सकाळी ऑफिसला निघायच्या गडबडीत फोटो टाकला होता. रोझेट नेब्युला. मृग नक्षत्राच्या पूर्वेला, शृंगाश्व तारकासमूहातला तेजोमेघ, म्हणजे फुलासारखा दिसणारा वायूचा चमकता ढग. दुपारी डबा खाताना मोबाइल उघडला तर पहिलीच कमेंट : "छान बनवलाय, कोणतं एआय?" त्याखाली दुसऱ्यांची : "नागपुरातून? शक्यच नाही, इथे धड सप्तर्षी दिसत नाहीत." तिसऱ्या गृहस्थांना मी वर्षानुवर्षं ओळखते. त्यांनी तर मलाच समजावलं, "फिल्टर लावून काढलेला फोटो खरा थोडीच असतो!"

तेव्हापासून डोकं तापलेलं आहे. लांब लिहिणार आहे, आधीच सांगते.

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. आमच्या बिल्डिंगच्या टाकीवरच्या सेन्सरची वायर तुटली म्हणून रात्री एक इलेक्ट्रिशियन वर आला. हा माणूस दिवसा ठेकेदाराकडे रस्त्यावरचे एलईडी दिवे लावायचं काम करतो. मी नेहमीसारखी कोपऱ्यात माउंट (ताऱ्यांमागे कॅमेरा हळूहळू फिरवणारं स्टँड) लावून बसले होते, लॅपटॉपवर पाच मिनिटांची एक फ्रेम नुकतीच उतरली होती. काळी-पांढरी, पण रोझेटच्या पाकळ्या स्वच्छ दिसत होत्या. "काय करून राहिल्या मॅडम?" म्हणून तो वाकला. मग त्याने वर पाहिलं. शेजारच्या लॉनवर लग्न होतं, आकाश नारिंगी-करडं झालेलं, मोजून चार तारे. पुन्हा स्क्रीनकडे पाहिलं आणि म्हणाला, "मग आमच्या लाइटांचा उजेड कुठे गेला?"

तंत्रज्ञानाची पदवी घेतलेल्या माणसांनी आज मला विचारलं "कोणतं एआय", आणि टाकीची वायर जोडायला आलेल्या माणसाने विचारलं उजेड कुठे गेला. या छंदातला सगळ्यात मोठा प्रश्न त्याने दोन मिनिटांत विचारला होता.

त्याला जे सांगितलं तेच इथे सांगते. रोझेटच्या मधोमध तरुण, प्रचंड तापलेले तारे आहेत. त्यांच्या अतिनील किरणांनी भोवतालच्या हायड्रोजनचे इलेक्ट्रॉन सुटतात. ते परत अणूत येतात, पायरी पायरीने खाली उतरतात, आणि तिसऱ्या पातळीवरून दुसऱ्या पातळीवर येताना लाल प्रकाश सोडतात. तो ६५६.३ नॅनोमीटरचा. यालाच आम्ही एच-अल्फा म्हणतो. आपल्याला दिसणारा प्रकाश साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर, म्हणजे ३०० नॅनोमीटरचा पट्टा. त्यातले माझा फिल्टर, म्हणजे कॅमेऱ्यापुढची खास काच, फक्त ७ आत येऊ देतो. शहराचा उजेड त्या अख्ख्या पट्ट्यात पसरलेला असतो, त्यामुळे त्याचा साधारण चाळिसावा हिस्सा कॅमेऱ्यापर्यंत पोचतो. हायड्रोजनचा मात्र बहुतेक सगळा पोचतो. उजेड कुठे गेला? फिल्टरच्या काचेने तो बाहेरच अडवला.

त्याचा विश्वास बसला नाही, आणि ते मला फार आवडलं. म्हणाला, फिल्टर काढून दाखवा. फिल्टर बसवलेली चकती फिरवून साध्या काचेवर आणली आणि तीच जागा पुन्हा टिपली. अर्ध्या मिनिटातच सगळी फ्रेम करडी, पाकळीचा पत्ता नाही. तो म्हणाला, "हे आमचं!" मग परत एच-अल्फा लावायला लावलं. पुढची पाच मिनिटं टाकीला टेकून उभा राहिला, फ्रेम उतरेपर्यंत.

यात बनवलेलं काय आहे, सांगा मला. अशा फ्रेम रात्रीमागून रात्री घ्यायच्या आणि एकावर एक रचायच्या. फ्रेम चौपट केल्या की नॉइज, म्हणजे फोटोतला खरखरीतपणा, निम्म्यावर येतो, म्हणून फोटोला महिना लागतो. रोझेटपासून निघालेला प्रकाश सुमारे ५,२०० वर्षं प्रवास करून माझ्या छतावर पडला आणि मी तो गोळा केला. एआयला एक ओळ लिहून दिली की दहा सेकंदांत फूल मिळतं. मी माउंटचा अक्ष आकाशाच्या ध्रुवाशी जुळवते, कॅमेरा ताऱ्यावरून ढळत नाही ना हे दाखवणाऱ्या गायडिंगच्या आलेखाकडे डोळे लावून बसते, दव आलं की लेन्सभोवती हीटर गुंडाळते. या दोन गोष्टी एकाच वाक्यात आल्याच कशा?

आता "फिल्टर लावला म्हणजे खरा नाही" याबद्दल. १८६४ साली विल्यम हगिन्स या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाने कॅट्स आय नावाच्या नेब्युलाचा प्रकाश वर्णपटदर्शकातून पाहिला. ताऱ्याच्या प्रकाशाचा असतो तसा अखंड रंगपट्टा तिथे नव्हता. मोजक्या तेजस्वी रेषा होत्या, बाकी अंधार. त्यातली ठळक हिरवी रेषा पृथ्वीवरच्या कुठल्याही मूलद्रव्याशी जुळेना, म्हणून लोकांनी नेब्युलियम नावाचं नवीन मूलद्रव्यच कल्पिलं. १९२७ मध्ये आयरा बोवेन या अमेरिकन शास्त्रज्ञाने कोडं सोडवलं : तो आपला ऑक्सिजनच होता, दोन इलेक्ट्रॉन गमावलेला. तेजोमेघातला वायू इतका विरळ असतो की अणूला दुसऱ्या अणूची धडक बसण्याआधी तो प्रकाश सोडायला निवांत वेळ मिळतो. पृथ्वीवरच्या दाट वायूत मिळत नाही. ५००.७ नॅनोमीटरची ती रेषा म्हणजे आमचा ओ-थ्री फिल्टर. असे तेजोमेघ मुळात बोलतातच या चार-दोन रेषांत. फिल्टर त्या रेषांच्या मापाने घडवलेला असतो. मग खोटं काय झालं?

रंगांचं मान्य करते. एच-अल्फा आणि गंधकाची एस-टू रेषा, दोन्ही डोळ्याला लालच. वेगळ्या दिसाव्यात म्हणून गंधकाला लाल, हायड्रोजनला हिरवा आणि ऑक्सिजनला निळा रंग आपण देतो. ईगल नेब्युलातल्या वायूच्या त्या प्रसिद्ध खांबांचा हबल दुर्बिणीचा १९९५ चा फोटो याच पद्धतीने रंगवलेला आहे. तो तुमच्या मुलांच्या पुस्तकात चालतो, माझा चालत नाही!

आणि आता ज्याने खरी आग लागली ती चौथी कमेंट. "एवढी हौस आहे तर पेंचला का जात नाही?"

पेंचबद्दल माझ्या मनात फक्त प्रेम आहे. जानेवारी २०२४ मध्ये तिथल्या व्याघ्र प्रकल्पाला देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा अंधार जपलेली जागा, म्हणून मान्यता मिळाली तेव्हा मी पेढे वाटले होते. पण भल्या माणसा, मी नोकरी करणारी बाई आहे. सकाळी दहाला काउंटर उघडायचा असतो. घरी सासूबाईंच्या गोळ्यांची वेळ रात्री दहाची. गाडी नाही, आणि असती तरी एकटीने एवढं महागाचं सामान घेऊन ७०-८० किलोमीटर जाऊन रात्रभर उघड्यावर बसणं किती जणींना जमेल? महिन्यातून एकदा ग्रुपसोबत जाता येईल कदाचित, पण महिनाभराचा प्रकाश एका रात्रीत गोळा होत नाही. मुलाला कडेवर घेऊन, दुसऱ्या दिवशीची भाजी निवडून झाल्यावर, दोन जिने चढून जे आकाश मिळतं ते माझं आहे. त्या इलेक्ट्रिशियनने तासभरात पन्नास प्रश्न विचारले असतील, "जंगलात का नाही जात" हा एक विचारला नाही. रात्रीचं काम म्हणजे काय, हे त्याला माहीत होतं.

बरं, देवयानी दीर्घिका घ्यायची असेल तर पेंचच. दीर्घिकांचा प्रकाश ताऱ्यांचा, सगळ्या पट्ट्यात पसरलेला, तिथे असे अरुंद पट्ट्याचे (नॅरोबँड) फिल्टर फारसे कामाचे नाहीत. आणि डोळ्यांनी आकाशगंगा बघायचा आनंद कुठलाही फिल्टर देणार नाही. हेही मान्य.

पण आपल्या शहराला एक देणगी आहे, ती कुणी बोलत नाही. नागपूर २१ अंश अक्षांशावर आहे. युरोपातल्या लोकांना जो रोझेट आकाशात बराच खाली मिळतो, तो इथे ७४ अंशांपर्यंत चढतो. जवळपास डोक्यावर. जानेवारी-फेब्रुवारीत आपली हवा कोरडी, रात्री लांब. चंद्र असला तरी एच-अल्फा घेता येतं, ओ-थ्री तेवढं चंद्र मावळल्यावर घ्यायचं. मी हे लिहिताना जरा शांत झाले आहे. खरंच, किती मिळालंय आपल्याला.

आणि किती घालवतोय! जुने सोडियमचे दिवे पिवळे असायचे, त्यांचा बराचसा उजेड ५८९ नॅनोमीटरच्या आसपास साठलेला, अडवायला सोपा. पांढऱ्या एलईडीचा उजेड निळ्यातल्या ४५० च्या टोकापासून लालपर्यंत सलग पसरतो, म्हणजे कुठलाही फिल्टर लावा, थोडा आत शिरणारच. वीज वाचते, ठीक आहे. पण उजेड आकाशात का फेकायचा? त्या रात्री इलेक्ट्रिशियनने कठड्यावरून खालचा दिवा दाखवला. "मॅडम, हे फिटिंग तिरपं बसवलं आहे, म्हणून वर मारते. सपाट केलं तर तोच उजेड सगळा रोडवर पडते. पाना लावला की दहा मिनिटांचं काम." दहा मिनिटांचं काम! अख्ख्या शहरात हे होत नाही, कारण मागणीच कुणी करत नाही. लग्नाच्या लॉनवाल्यांनी आकाशात फिरवलेले ते झोत कोणत्या वऱ्हाड्याला हवे असतात? जेवणाच्या पंगतीत बसलेल्यांपैकी एकाने तरी कधी वर पाहिलंय?

माझ्या मित्रांनो, तुम्हीसुद्धा. बाल्कनीतला तो भगभगीत दिवा रात्रभर कुणासाठी? चोर येतो म्हणता. मग दिव्याला वरून झाकण लावा, खाली वळवा, चोरही नीट दिसेल.

कच्च्या फ्रेम खाली कमेंटमध्ये टाकल्या आहेत. एक फिल्टरशिवाय, एक एच-अल्फाची, दोन्हींवर कसलीही सफाई केलेली नाही. एआय विचारणाऱ्यांनी मोठ्या करून बघाव्यात.

शनिवारी आकाश मोकळं असेल तर मी नऊनंतर छतावर आहे. ज्यांना फोटो खोटा वाटतो त्यांनी आधी यावं, बाकीच्यांनी मेसेज करून मग यावं, खुर्च्या थोड्या आहेत. मुलांना जरूर आणा. मोबाइलचा टॉर्च दुसऱ्या मजल्यावरच बंद करायचा, आणि माउंटच्या पायाला धक्का लावायचा नाही. चहा मी करीन.